टेस्ट एक, पिनकोड अनेक

पिनकोड तपासणं म्हणजे काय मोठं? सहा आकडे, पहिला शून्य नाही. झालं काम! १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर म्हणजे आपला मराठी माणूस, वर संस्कृतचे कवी. नियम त्यांनी सोपा ठेवला. लिहिणारी माणसं मात्र नाना तऱ्हेची.

आमच्या भंडारा जिल्ह्याचंच घ्या. भंडारा ४४१९०४, तुमसर ४४१९१२, साकोली ४४१८०२. कुणी तीन आकड्यांनंतर स्पेस सोडतं, कुणी सरळ देवनागरीत टाइप करतं. मामेबहिणीचा परीक्षेचा फॉर्म अशाच एका स्पेसपायी शेवटच्या दिवशी अडला. लगेच मामांचा फोन, "काऊन रे, तुमच्या कंप्युटरले आमची साकोली दिसत नाही का?"

माझा अंदाज विचाराल तर त्या स्पेसची टेस्ट कुणी लिहिलीच नसावी. दर व्हॅल्यूला दहा ओळींची वेगळी टेस्ट कॉपी-पेस्ट करायची म्हटलं, की पाचव्या टेस्टनंतर कुणाचाही उत्साह संपतो. बरं, सगळ्या व्हॅल्यू एकाच टेस्टमध्ये लूप लावून फिरवल्या, तर पहिली फेल झाली की गाडी तिथेच थांबते. पुढच्यांचं काय झालं, कळतच नाही.

यावरचा उतारा जुनाच आहे, पॅरामीटराइज्ड टेस्ट. टेस्ट एकदाच लिहायची आणि शेजारी तक्ता मांडायचा : इनपुट काय, उत्तर काय यायला हवं. जेयुनिट ४ मध्ये २००६ साली ही सोय आली. २०१७ च्या जेयुनिट ५ मध्ये ती फारच सुटसुटीत झाली. पायथॉनवाल्यांकडे पायटेस्ट आहेच. तक्त्यातली प्रत्येक ओळ स्वतंत्र धावते. एक पडली तरी बाकीच्या चालू! ओळींना नावं द्या, 'मध्ये स्पेस', 'देवनागरी आकडे', 'पाचच आकडे', म्हणजे काय बिघडलं ते रिपोर्टच सांगतो. फक्त चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या व्हॅल्यूंचे तक्ते वेगळे ठेवा, नाहीतर टेस्टमध्येच इफ-एल्सचं जंगल उगवतं.

गंमत म्हणजे, पायथॉन ३ मधली आकडे ओळखणारी खूण देवनागरी आकडेही पकडते, जावास्क्रिप्टमधली तीच खूण पकडत नाही. तक्त्यात ती ओळ लिहिली, की टीमला निर्णय घ्यावाच लागतो.

नवी केस जोडायला एक ओळ पुरत असेल, तर लाखांदूरचा माणूसही तक्त्यात येतो. दहा लागत असतील, तर पुण्या-मुंबईचे पिनकोड तपासून सगळे चहाला जातात.