एकोणीस दिवसांचें पिलूं

कुत्र्याच्या पिलाच्या मृत्यूवर लेख लिहावा असें त्यांत काय आहे, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमचेंहि घर सोवळ्याचें. कुत्र्यानें अंगण ओलांडावयाचें नाहीं, हा परिपाठ. तथापि गेल्या श्रावणांत एक भटकी कुत्री मागील पडवींत व्याली, आणि तिच्या चार पिलांनीं घरांतील झाडून सारीं मुलें वेडीं केलीं.

त्यांतील एक पहिल्यापासूनच मागें. आचळाला लागावें, दोन घोट घ्यावे आणि धापा टाकीत सुटावें. तेराव्या दिवशीं डोळे उघडले. वजन मात्र भावंडांच्या निम्मेंहि नव्हतें. पशुवैद्यांनीं त्याच्या डाव्या बगलेशीं नळी लावली, मग आमचें बोट तेथें ठेवविलें. दूर कोठें पिठाची चक्की चालावी तशी अखंड घरघर बोटाला लागत होती.

त्यांनीं उलगडा केला तो असा. गर्भांत फुप्फुसें निजलेलीं असतात. म्हणून तिकडे निघालेलें बरेंचसें रक्त एका आडवाटेनें परस्पर महारोहिणींत शिरतें. जन्मानंतर श्वास सुरू झाला कीं ही वाट थोड्याच दिवसांत मिटते. या पिलाची मिटली नव्हती. आतां रक्त उलट महारोहिणींतून फुप्फुसांकडे लोटत होतें, आणि तो जादा भार ओढतां ओढतां हृदय थकत चाललें होतें. बोस्टन येथें रॉबर्ट ग्रॉस यांनीं १९३८ सालीं एका सात वर्षांच्या मुलीची हीच वाट बांधून बंद केली. आज कुत्र्यांवरहि ही शस्त्रक्रिया होते. पण इतक्या दुबळ्या जीवाला भूल सोसणार नव्हती. एकोणिसाव्या रात्रीं तें गेलें.

सकाळीं धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, त्यानें काय केलें होतें?"

थोरल्या वहिनी माळ ओढतां ओढतां म्हणाल्या, "मागच्या जन्मीचें कांहीं असेल, बाळे."

वहिनींचा आम्ही सदैव मान राखतों; येथें मात्र गप्प राहवेना. महाभारताच्या आदिपर्वांत सरमा कुत्री जनमेजयाच्या यज्ञांत येते आणि आपल्या निरपराध पोराला कां मारलें, म्हणून जाब विचारते. राजबंधूंजवळ उत्तर नसतें. तिच्या शापानें राजा हादरतो. व्यासांनीं तेथें पोराचें पूर्वजन्मींचें पाप शोधिलेलें नाहीं!

नातीला जवळ घेतलें, तिचाच हात तिच्या छातीवर ठेविला आणि सांगितलें, "तुझी वाट मिटली, त्याची मिटली नाहीं. त्यानें कांहीं केलें नव्हतें."

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुपारीं दूधभाताची वाटी घेऊन त्या स्वतःच पडवींत गेल्या.