तुमचं म्हणणं काय?

मैत्रिणींनो, धाकटी शाळेत जायला लागल्यावर मी इथे न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात इंग्रजी लेखनाचा विषय होता, तोही हायब्रिड. मंगळवारी सकाळी वर्गात, बाकीचं घरी लॅपटॉपवर. चर्चेचं उत्तर रात्री ११:५९ च्या आत टाकायचं, म्हणजे माझं ओटा पुसून झाल्यावरच.

वर्गात १९-२० वर्षांची मुलं भराभर बोलायची. माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. लिहिताना मात्र कुणाची घाई नव्हती. एका मुलाने माझ्या कच्च्या लेखाखाली लिहिलं, ‘तिसरा परिच्छेद वर घ्या, खरं म्हणणं तिथे आहे.’ बरोबर होतं त्याचं.

जड गेलं ते थीसिस स्टेटमेंट. सुरुवातीलाच आपलं मत एका वाक्यात मांडायचं. आपल्याला तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणायची सवय! आणि दुसऱ्याचं वाक्य घेतलं, तर एमएलए पद्धतीने कंसात लेखकाचं आडनाव आणि पानाचा आकडा. (सासूबाईंची आमटी आपण बिनकंसाचीच वाढतो.)

सगळंच ऑनलाइन असतं तर मी बहुधा मध्येच सोडलं असतं. मंगळवारी बाई समोर बसवायच्या, कागदावर पेन टेकवून विचारायच्या, ‘इथे तुमचं म्हणणं काय?’ उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे.

शेवटचा निबंध मी ‘घरात मुलांशी मराठीतच बोलावं’ यावर लिहिला. आमच्या ह्यांना ते पटत नाही. त्यांनी वाचला, काही बोलले नाहीत. पहिलं वाक्य मी तसंच ठेवलं.