भूल आणि ओढ

आंबेगाव तालुक्यातील कळंब, मंचर आणि शेजारच्या जुन्नरच्या पट्ट्यात धरणांच्या पाण्यामागोमाग ऊस वाढला आणि उसाच्या फडात बिबट्या वस्तीला आला; तेथे विहिरीत पडलेल्या वा जखमी बिबट्याला भूल द्यायची वेळ येते, तेव्हा सामान्यतः झायलाझिन व केटामिन वापरतात, अफूच्या कुळातली औषधे नव्हेत. हत्ती-गेंड्यांना आडवे करणारे एटॉर्फिन, जे मॉर्फिनहून हजारपटीपेक्षा अधिक प्रभावी आहे, ते याच कुळातले. परंतु मांजराला मॉर्फिन जास्त मात्रेत दिले तर गुंगीऐवजी अस्वस्थता आणि प्रसंगी उन्माद दिसतो. एकट्या ठेवलेल्या नर उंदरांची मारामारी मॉर्फिनने ओसरते, पण सवय लागल्यावर ते अचानक तोडले की तेच उंदीर एकमेकांवर तुटून पडतात. तेव्हा अफू सरसकट शांत करते, हा समज सोडून द्यायला हवा.

याचे कारण शरीरातच आहे. मेंदू स्वतः अफूसदृश द्रव्ये तयार करतो (त्यांतील एन्केफॅलिन १९७५ मध्ये ओळखले गेले) आणि ती वेदनेइतकीच सोबतीशीही निगडित असतात. याक पँकसेप आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले की, आईपासून दूर केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांचे रडणे मॉर्फिनच्या, गुंगी न आणणाऱ्या, अल्प मात्रेनेही कमी होते. उलट या द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन कोंबडीच्या पिल्लांचा आकांत वाढवते. विरह हा देहालाही जाणवणारा अभाव आहे, असे मानायला येथे भक्कम आधार मिळतो.

म्हणूनच ऊसतोडीत सापडलेले बछडे वनखाते माणिकडोहच्या निवारा केंद्रातील पशुवैद्यांकडून तपासून घेते आणि अंधार पडताच सापडल्या जागीच ठेवते, जेणेकरून मादी त्यांना उचलून नेईल, ही रीत अत्यंत मोलाची वाटते. प्रौढ बिबट्यांच्या बाबतीत मात्र अशी काळजी उशिरा आली. २००१ पासून त्यांना पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला, आणि विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार जुन्नर भागात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. भूल उतरलेले जनावर अनोळखी मुलखात, ओळखीच्या वासांपासून व शेजाऱ्यांपासून तोडलेले, जागे होत होते.