जपानी येतं, मग शिकवायचं कशाला?

मुलगी परकीय भाषा शिकते असं सांगितलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर लगेच विमान येतं. मोठी कंपनी, भरपूर पगार, परदेशवारी. तीच मुलगी "मला ही भाषा शिकवायची आहे" म्हणाली की मात्र चेहरे पडतात. "एवढं शिकून शेवटी शिक्षिकाच व्हायचं?"

गेलं वर्षभर हा प्रश्न आमच्या घरात फिरतो आहे. माझी मामेबहीण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी भाषेत एम.ए. करते. मामा-मामी नागपूरला असतात आणि मी नोकरीनिमित्त नोएडाला. त्यामुळे तिची समजूत घालायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मामी दर आठवड्याला फोन करून सांगते, "तूच बोल गं तिच्याशी. तुझं ऐकेल ती."

मामीची काळजी मला कळते. दिल्लीच्या आसपास जपानी येणाऱ्यांना काम मिळतं. १९८३मध्ये गुरुग्रामच्या कारखान्यातून मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली. तेव्हापासून सुझुकीच्या पाठोपाठ कितीतरी जपानी कंपन्या या भागात आल्या. त्यांना दुभाषे लागतात, अनुवादक लागतात. माझ्या बहिणीच्या वर्गातल्या काहींना शिक्षण संपायच्या आतच अशी कामं मिळाली आहेत. तिलाही एका कंपनीने विचारलं होतं. शाळेत जो पगार मिळेल त्याच्यापेक्षा तो आकडा बराच मोठा होता. मामाने तो कागदावर लिहून ठेवला आहे.

रविवारची शिकवणी

बहीण रविवारी मॅजेंटा लाइनने माझ्याकडे येते. येताना पाठाचं टाचण आणते आणि मला विद्यार्थिनी करून समोर बसवते. मला जपानीचा गंध नाही, म्हणून मी तिला सोयीची. भाषा येणं आणि ती शिकवता येणं यांत किती अंतर आहे, हे मला या रविवारांनी दाखवलं.

पहिल्या दिवशी तिने पेन्सिली मोजायला शिकवल्या. वाटलं, एक-दोन-तीन पाठ केलं की झालं. पण जपानीत लांबट वस्तू मोजायची रीत वेगळी, कागदासारख्या पातळ वस्तूंची वेगळी आणि पुस्तकांची आणखी वेगळी. एक पेन्सिल असेल तर 'इप्पोन', दोन असतील तर 'निहोन', तीन असतील तर 'सानबोन'. शब्द तोच, पण आकड्यागणिक त्याचा उच्चार बदलतो. मी वैतागले. ती शांतपणे टाचणात काहीतरी लिहीत होती. म्हणाली, "ताई, तू कुठे अडतेस तेच मला बघायचं होतं. मला हे आता इतकं सवयीचं झालंय की यात अवघड काय ते मलाच दिसत नाही."

जेएनयूत जपानीच्या बी.ए.ला बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो, भाषा आधी यावी लागत नाही. म्हणजे तीही पाच वर्षांपूर्वी माझ्यासारखीच कोरी होती. शिकवायचं तर ते कोरेपण पुन्हा आठवावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली, कारण मी इंग्रजी साहित्यात बी.ए. केलं आहे. 'मी पाणी पिते' याला जपानीत 'वाताशि वा मिझु ओ नोमिमासु' म्हणतात. वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी आणि नोमिमासु म्हणजे पिते. आधी मी, मग पाणी, शेवटी पिते. क्रम अगदी आपल्यासारखाच. 'वा' आणि 'ओ' हे शब्दांच्या मागे येतात, आपल्या 'ला', 'ने', 'त' सारखे. पण बहुतेकांच्या हातात असलेलं जपानीचं पुस्तक इंग्रजीतून समजावणारं असतं. म्हणून मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली घरातली मुलंही हे सरळ वाक्य आधी इंग्रजीत उलटं करतात आणि मग पुन्हा सुलटं करतात.

सगळ्यात मजा आली ती घरातून निघताना काय म्हणतात ते शिकताना. आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' किंवा 'जाऊन येते' म्हणतो. जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येते' असाच आहे. घरात असलेला माणूस उत्तर देतो 'इत्तेराश्शाई', म्हणजे 'जाऊन या'. हे मला पाठ करावंच लागलं नाही. समोरच्या मुलाच्या घरातल्या भाषेत काय आधीच तयार आहे ते शोधायचं आणि तिथून नवी भाषा सुरू करायची, हे काम शिक्षकाचं आहे. मोबाइलवर अनुवाद क्षणात होतो, पण मी कुठे आणि का अडले हे त्याने मला विचारलेलं नाही.

धोका आहेच

मामाचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. "सरकारी धोरण फिरलं तर?" हे खरंच घडलेलं आहे. २०११मध्ये केंद्रीय विद्यालय संघटन आणि मॅक्समुल्लर भवन यांच्यात करार झाला आणि सहावी ते आठवीला जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जाऊ लागली. सुमारे ५०० शाळांतली ७० हजारांहून जास्त मुलं जर्मन शिकू लागली. २०१४मध्ये निम्मं शैक्षणिक वर्ष उलटून गेल्यावर तिसरी भाषा म्हणून जर्मन बंद झाली आणि तिच्या जागी संस्कृत किंवा दुसरी भारतीय भाषा घ्यायचं ठरलं. पुढे जर्मनला जादा विषय म्हणून जागा मिळाली. पण वर्गात उभ्या असलेल्या आणि त्या वर्गाच्या भरवशावर शिकत असलेल्या तरुणांच्या पायाखालची जमीन तोवर सरकली होती.

दुसरी अडचण रोजची आहे. सरकारी शाळेत कायमची जागा हवी तर बी.एड. लागतं आणि बी.एड.च्या बहुतेक महाविद्यालयांत परकीय भाषा कशी शिकवायची हा विषयच नसतो. कॉलेजात शिकवायचं तर नेट आहे, जपानीतही ती देता येते, पण जागा मोजक्या. खासगी शाळा पुष्कळदा तासावर पैसे देतात.

दुसऱ्या बाजूलाही काही आहे. सप्टेंबर २०१७मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे भारतात आले, तेव्हा पाच वर्षांत भारतातल्या १०० उच्चशिक्षण संस्थांत जपानीचे अभ्यासक्रम सुरू करायचे आणि १,००० शिक्षक तयार करायचे असं दोन्ही देशांनी ठरवलं. २०१८मध्ये त्यासाठी दिल्लीत जपानी भाषा शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. दुभाष्यांची गरज सगळ्यांनाच दिसत होती, पण त्या दुभाष्यांना शिकवणार कोण हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिक शाळेत शिकवायच्या परकीय भाषांमध्ये जपानी आणि कोरियनची नावं आहेत. शाळेने भाषा यादीत घातली तरी वर्गात उभं राहणारं माणूस लागतंच.

घरात काय ठरलं

गेल्या महिन्यात मी मामीला फोन केला आणि बहिणीची नाही, मामीचीच समजूत घातली. धोका लपवला नाही. मग तिघांनी मिळून हिशेब मांडला. बहीण दोन वर्षं शिकवणार, शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करणार, नेट देणार. जपानीच्या पाच पातळ्यांच्या परीक्षेत तिची एन-२ झाली आहे, सगळ्यात वरची एन-१ ती डिसेंबरमध्ये देईल. खर्चापुरतं अनुवादाचं काम घरून करेल. दोन वर्षांनी पुन्हा बोलायचं. मामा एवढंच म्हणाला, "बघू." पण पगाराच्या आकड्याचा तो कागद त्याने अजून फाडलेला नाही.

तुमच्या घरातही एखादी मुलगी किंवा मुलगा फ्रेंच, स्पॅनिश, कोरियन शिकत असेल आणि शिकवायचं म्हणत असेल, तर 'स्कोप किती' हे जरूर विचारा. तो प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधी एकदा समोर बसा आणि त्यांना तुम्हाला दहा मिनिटं शिकवू द्या. तुम्ही अडलात की ते चिडतात की टाचणात काही लिहून घेतात, तेवढं बघा. मामी आता तेच करते आहे. रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर तिचे पाच शब्द होतात, आणि 'सानबोन'पाशी तीही अडते.