अठरा रुपयांचं देणं

तुमच्या गावच्या नर्सबाईला तुम्ही ओळखत असाल. लस टोचायला येते, बाळंतिणीची चौकशी करते, पोरांना ओरडते. पण ही बाई कधी काळी अठरा वर्षांची पोर होती, मेट्रनच्या चपलांचा आवाज आला की तिच्याही पोटात गोळा यायचा, हे तुमच्या मनात आलं नसेल. मी अशीच एक नर्सबाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आज तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. पन्नास वर्षं ती मी कुणालाच सांगितली नाही.

आम्ही १९७३ साली सहायक परिचारिका प्रसाविकेच्या शिक्षणाला लागलो. तेव्हा तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. सगळ्या सोलापूर जिल्ह्यातल्या, बहुतेक शेतकऱ्यांच्या पोरी. १९७२ चा दुष्काळ नुकताच अंगावरून गेलेला. आमच्यातल्या कितीतरी जणींनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. शिक्षणाबरोबर थोडंफार विद्यावेतन मिळतं म्हणूनच बापांनी आम्हाला पाठवलं होतं.

एका नावाच्या दोन-तीन पोरी असल्यामुळं आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. ए बार्शी, ए करमाळा, ए अक्कलकोट! माझ्या शेजारच्या खाटेवर होती सांगोला. काळीसावळी, अंगानं किरकोळ, पण कामाला वाघीण. विद्यावेतन हातात पडलं की साबणापुरते पैसे ठेवून बाकीची मनीऑर्डर घरी करायची. घरी आईवडील, दोन भाऊ आणि एक शेळी.

तिचा एक प्रसंग अजून डोळ्यांपुढं आहे. आम्हाला खेड्यात बाळंतपणं करायला न्यायचे. एका घरी म्हातारी सुईण नाळ कापायला विळा घेऊन बसलेली. वर लावायला चुलीतली राख तयार. नाळेवर अशी राख नाहीतर शेण लावलं की त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरतात. मग आठवडाभरात बाळाचा जबडा आवळतो, त्याला अंगावर ओढता येत नाही आणि ते हातचं जातं. सांगोला पुढं सरकली तशी म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझं लगीन झालं न्हाई, आन् तू मला शिकवतीस व्हय?" सांगोला म्हणाली, "शिकवत न्हाई मावशी. तुमीच कापा. मी नुसतं ब्लेड आन् दोरा उकळून देते." म्हातारीनं उकळलेल्या ब्लेडनं नाळ कापली, राख बाजूला राहिली. मान राखून काम कसं करून घ्यावं, हे मला पुस्तकानं नाही शिकवलं, सांगोलानं शिकवलं. पुढं गर्भारपणात धनुर्वाताची लस आली, दवाखान्यात बाळंतपणं वाढली, आणि आईचा व नवजात बाळाचा धनुर्वात देशातून हटला, असं २०१५ साली जाहीर झालं. ते वाचलं तेव्हा मला ती म्हातारी आणि तिचा विळा आठवला.

आता ती रात्र सांगते.

आजची सुई एकदा वापरली की फेकतात. आमच्या वेळी सिरिंज काचेची असायची. वापरली की धुवायची, सुईत तार घालून साफ करायची आणि भांड्यात पाणी घालून वीस मिनिटं खळखळून उकळायची. सकाळची इंजेक्शनं सहाला सुरू व्हायची, म्हणून हे काम रात्रपाळीचं. पाणी आटू द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं असायचं.

१९७४ चा पावसाळा. बायकांच्या वॉर्डात सांगोला आणि मी रात्रपाळीला. सिरिंजा उकळायची पाळी माझी. दोन दिवसांवर परीक्षा, म्हणून पुस्तक घेऊन बसले. पहाटे तीनला स्टोव्ह पेटवला, भांडं ठेवलं आणि भिंतीला टेकले. सांगोला बाळंतपणाच्या खोलीत मदतीला गेली होती. मला जाग आली ती तिच्या हाताच्या धक्क्यानं. खोलीभर करपट वास. भांडं कोरडं ठणठणीत, सहा सिरिंजा तडकलेल्या, सुया काळ्या पडलेल्या.

दुसऱ्या वॉर्डातून सिरिंजा मागून आणेपर्यंत सकाळची इंजेक्शनं दोन तास उशिरा झाली. बाळंतरोगानं तापलेली एक बाई होती, तिचं पेनिसिलीनही चुकलं. ती बरी होऊन घरी गेली, पण ते दोन तास मी तिच्या खाटेकडं बघू शकले नाही.

आठ वाजता मेट्रनबाई आल्या. "पाळी कुणाची होती?"

सांगोलानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

मला आधी दोनदा ताकीद मिळालेली होती. तिसऱ्यांदा चूक झाली की घरी पाठवणार, हे वॉर्डातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि घरी वडिलांनी स्थळ बघूनच ठेवलं होतं. परत गेले असते तर महिन्यात लग्न, नर्सिंग संपलंच.

"माझी होती, बाई," सांगोला म्हणाली.

तिच्या विद्यावेतनातून अठरा रुपये कापले. दोन महिने, नऊ-नऊ करून. मी म्हटलं, "मी देते तुला." ती म्हणाली, "दे की, मिळतील तवा." पहिल्या महिन्यात जमलं नाही. दुसऱ्या महिन्यात मी चप्पल घेतली. मग विषय मागं पडला. खरं सांगायचं तर मी तो मागं पडू दिला.

१९७५ साली आम्ही पास होऊन बाहेर पडलो. मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला, त्याच सुमाराला. दुतोंडी सुईनं देवी टोचायला आम्ही शिकलो, आणि बघता बघता तो रोगच गेला. पुढं मी छत्तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. त्याच पगारातून मुलं शिकली, विहीर खोदली. सांगोलाही नर्स झाली, दुसऱ्या तालुक्यात राहिली. लग्नाकार्यात कधीतरी भेट व्हायची.

आता पन्नास वर्षांनी सगळ्या भेटायचं ठरलं आहे. दिवस धरला १२ मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा हा जन्मदिवस, १८२० सालचा, आणि जगभरच्या नर्सांचा दिवस. महिनाभर फोनवर नुसत्या आठवणी चालल्या आहेत. खानावळीतली मिलोची लाल भाकरी, एसटीच्या टपावरून पडलेली बाळंतपणाची पेटी, मेट्रनबाईंची नक्कल. कोण आता राहिली नाही, कुणाचे गुडघे गेले, तेही कळतं.

परवा बार्शीचा फोन आला. चौघीजणी एकदमच बोलत होतो. बार्शी म्हणाली, "मी एक गंमत ठरवलीय. सांगोलाला जुन्या सिरिंजांचा हार घालायचा. सिरिंजा भाजून खाणारी बाई!" सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले.

फोन ठेवला आणि भाकरीचं पीठ तसंच परातीत राहिलं. पन्नास वर्षं ही थट्टा चालली होती. ज्या चुकीवर सगळ्या हसत होत्या ती माझी होती, आणि हसण्यात मीही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगोलाला फोन लावला. इकडचं तिकडचं न बोलता म्हटलं, "त्या सिरिंजा मी जाळल्या होत्या."

ती म्हणाली, "अगं, हे तू मला सांगतीस?"

मग जरा थांबून तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या दोन महिन्यांत घरी मनीऑर्डर कमी गेली. उधारी भागवायला घरातली शेळी बाजारात न्यावी लागली. वडिलांना तिनं कारण सांगितलं नाही. त्यांनी धरून चाललं की पोरगी शहरात जाऊन पैसे उधळायला लागली. "मरेपर्यंत दादा थट्टेनं म्हणायचे, आमच्या लेकीनं शेळी खाल्ली. थट्टाच होती. पण मला लागायचं."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? तुझे वडील आन् माझे वडील एकाच बाजाराला यायचे. गोष्ट घरी पोचली असती, की तुझं शिक्षान गेलं."

मी रडायला लागले. पैसे देते म्हटलं, शेळी घेऊन देते म्हटलं. ती हसली. "ह्या वयात शेळीमागं कोण पळणार? पैसं नकोत. माझी माफीबी मागू नगंस. तितं सगळ्यांम्होरं खरं काय ते सांग, म्हंजी झालं. त्यो हार माझ्या गळ्यात नको."

तेव्हा ठरवलं, १२ मे ला जेवणाआधी उभी राहून सांगायचं. सत्तरीला आले तरी पोटात तोच गोळा आहे. म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. एकदा कागदावर उतरलं की माघार घेता येत नाही.

तुम्ही म्हणाल, नर्सबायांच्या भानगडीशी आमचा काय संबंध? पण शेताकडं बघा. विहिरीचं पाणी संपलं, मोटार कोरडी चालून जळाली. बटण बंद करायचं विसरला घरचा पोरगा, आणि पैसे कापले सालगड्याच्या पगारातून. तो बोलला नाही, कारण त्याला वर्ष काढायचं होतं. दूध उतू घालवलं एकीनं आणि बोलणी खाल्ली धाकट्या जावेनं. आपण म्हणतो, झालं गेलं, गंगेला मिळालं. आपल्यापुरतं मिळतं. ज्यानं सोसलं त्याच्या घरात ते पन्नास वर्षं राहतं.

असं एखादं देणं तुमच्याकडं असेल आणि ते माणूस अजून हयात असेल, तर उशीर करू नका. माझं नशीब चांगलं, माझी सांगोला आहे. पण तिचे दादा गेले. त्यांच्या लेकीनं शेळी खाल्ली नव्हती, हे त्यांना सांगायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं.