विचारल्याशिवाय बोलायचं नाही

यूएसबीच्या जगात दोनच भूमिका: विचारणारा आणि उत्तर देणारा. विचारणारा तो होस्ट, म्हणजे बहुतेक वेळा तुमचा लॅपटॉप. उत्तर देणारं ते पेरिफेरल: माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह वगैरे प्रजा. निदान यूएसबी २.० पर्यंत तरी नियम कडक आहे, प्रजेनं स्वतःहून तोंड उघडायचं नाही. तुम्ही कीबोर्डचं बटण दाबता तेव्हा कीबोर्ड हाक मारत नाही. लॅपटॉपच दर काही मिलिसेकंदांनी "आहे का काही?" विचारत असतो, तेव्हा तो बिचारा "हो, 'क' दाबलाय" म्हणतो.

केबल लावल्यावर तर चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो. (जुन्या पद्धतीचा. हल्ली मुलीच जास्त प्रश्न विचारतात, आणि ते बरंच आहे.) होस्ट आधी माहिती मागतो: १८ बाइटांचा एक छोटा बायोडेटा, त्यात कंपनीचा नंबर, वस्तूचा नंबर. मग तो तिला एक पत्ता देतो. तो ५० मिलिसेकंदांत स्वीकारायचा, असं स्पेसिफिकेशन सांगतं. मग पुढचे प्रश्न. उत्तरं वेळेवर आली नाहीत तर स्थळ नापसंत, आणि विंडोजवर ते प्रसिद्ध वाक्य दिसतं की हे डिव्हाइस ओळखता आलं नाही.

आता यू-बूट. वुल्फगँग डेंक यांनी सुरू केलेल्या या बूटलोडरला २००२ साली हे नाव मिळालं. जर्मनमधे त्याचा अर्थ पाणबुडी. बोर्डाला वीज मिळाल्यावर लिनक्स जागा होण्याआधी जो प्रोग्रॅम चालतो, तो हा. यू-बूट आणि यूएसबी म्हटलं की लोकांना पेनड्राइव्ह लावून कर्नल उचलणं आठवतं. तिथे बोर्ड होस्ट असतो, प्रश्न आपण विचारायचे, आपल्या सोयीनं. उलटी भूमिका, म्हणजे बोर्डानंच पेनड्राइव्ह बनून लॅपटॉपसमोर बसायचं, ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

कॉन्फिगरेशन तसं फार नाही. मेन्यूकॉन्फिगमधे यूएसबी गॅजेट सपोर्ट चालू करा, आपल्या चिपमधल्या कंट्रोलरचा गॅजेट-बाजूचा ड्रायव्हर निवडा, कंपनीचा आणि वस्तूचा नंबर भरा. (उदाहरणात दिलेला नंबर तसाच ठेवून माल बाजारात पाठवू नका, तो कुणाच्या तरी नावावर असतो.) शेवटी डिव्हाइस ट्रीमधे डीआर-मोडच्या ओळीत 'पेरिफेरल' लिहा. बीगलबोन ब्लॅकचं उदाहरण घ्या. त्यावर दोन यूएसबी आहेत. छोट्या मिनी-बी सॉकेटवालं पेरिफेरल, मोठ्या चपट्या सॉकेटवालं होस्ट. ही ओळ चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही लॅपटॉपला काहीच दिसत नाही. दोन होस्ट एकमेकांकडे बघत बसतात, दोघांनाही प्रश्नच विचारायचेत!

खरी गंमत पुढे आहे. लिनक्समधे कुणी प्रश्न विचारला की इंटरप्ट येतो, दारावरची बेल वाजते. यू-बूटमधे ही बेल साधारणपणे नसतेच. थ्रेडही सहसा नसतात. एकच माणूस घरात, आणि त्यानंच पुन्हा पुन्हा दारापर्यंत जाऊन बघायचं. म्हणून 'यूएमएस' कमांड देऊन ईएमएमसी लॅपटॉपला पेनड्राइव्ह म्हणून दाखवली की यू-बूटचा प्रॉम्प्ट अडकल्यासारखा वाटतो. तो अडकलेला नसतो, दाराशी येरझाऱ्या घालत असतो. कंट्रोल-सी दाबेपर्यंत दुसरं काम नाही. डीएफयू प्रोटोकॉलमधे तर बोर्ड अधिकृतपणे सांगू शकतो, "मी फ्लॅशवर लिहितोय, इतक्या मिलिसेकंदांनी विचार." मला हा सभ्यपणा फार आवडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या एका प्रोजेक्टमधला डबा शेतातल्या पंपापाशी बसतो. सील केलेला, एसडी कार्ड आत, बाहेर एकच यूएसबी. अपडेट अर्धवट राहून लिनक्स उठेनासं झालं की तिथल्या तंत्रज्ञाकडे काय असतं? एक लॅपटॉप, एक केबल आणि फोनवर आमच्यापैकी कुणीतरी. बूटलोडर पेरिफेरल होऊ शकला तर दहा मिनिटांचं काम. नाहीतर डबा उखडा, पुण्याला पाठवा, आणि शेतकरी तोवर पाण्याच्या पाळीसाठी रात्री उठून स्वतः मोटर चालू करणार.

पण हेच दार चोरालाही दिसतं. 'यूएमएस' चालू ठेवलं तर केबल असलेला कुणीही माणूस सगळी ईएमएमसी कॉपी करून नेईल, आतल्या पासवर्डांसकट. यावरून टीममधे दोन आठवडे वाद चालला. सिक्युरिटीवाल्यांचं म्हणणं, दारच बुजवा. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. ज्या वस्तूचा मालक तिच्यापाशी उभा आहे, त्याला ती वाचवता आली पाहिजे. शेवटी 'यूएमएस' काढलं आणि डीएफयू ठेवलं, कारण डीएफयूला कुठले भाग दाखवायचे याची यादी आपण देतो. गुप्त किल्ल्यांचा भाग यादीत घातला नाही. डीएफयूनं वाचताही येतं, त्यामुळे हे महत्त्वाचं. वर कर्नलची इमेज सही केलेली, भलतीच टाकली तर यू-बूट ती चालवायला नकार देतो. आणि दार उघडतं ते बटण दाबून वीज दिली तरच.

यू-बूटच खराब झाला तर? बीगलबोनची चिप तेव्हाही हात देते. तिच्या आतला कायमचा रॉम यूएसबीवर नेटवर्क कार्डाचं सोंग घेतो आणि १०९ किलोबाइटपर्यंतचा प्रोग्रॅम मागून घेतो. त्यात पूर्ण यू-बूट मावत नाही, म्हणून आधी त्याचं धाकटं भावंड, एसपीएल, पाठवायचं. मग एसपीएलनं पुन्हा पेरिफेरल बनून मोठ्याला बोलवायचं. प्रत्येक टप्प्यावर कांदेपोहे नव्यानं. एसपीएलमधे यूएसबी इथरनेट घातलं नसेल तर पहिल्या भेटीनंतर सगळं शांत.

आणि हो, केबल आम्ही डब्याबरोबरच पाठवतो. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलमधे डेटाच्या दोन तारा नसतातच, आणि बाहेरून ते कळत नाही. फोनवर आमचा पहिला प्रश्न अजूनही तोच असतो: "दादा, केबल आपल्या डब्यातलीच आहे ना?"