कचऱ्याचा माग

गाडी झटके द्यायला लागली, पिकअप गेला, की सर्व्हिस सेंटरच्या बिलावर ‘इंजेक्टर क्लीनिंग’ लागतं. पैसे भरले की गाडी बरी चालते, काही महिन्यांनी दुखणं परत येतं. कारण सफाई झाली, पण कचरा कुठून आला ते कुणी पाहिलंच नाही. तो माग काढण्याइतकी सवड आणि आस्था मालकालाच असते. म्हणून भंडाऱ्यात मी हे काम स्वतः करतो.

सुरुवात काचेच्या बरणीने होते. टाकीतलं थोडं पेट्रोल काढून ते घराबाहेर, सावलीत, झाकण लावून ठेवायचं. तळाशी तांबूस गाळ बसला तर टाकीत गंज आहे. वेगळा थर दिसला तर पाणी. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर रूढ झालं. इथेनॉल ओल ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी त्यात मिसळून राहतं. मर्यादा ओलांडली की दोन्ही मिळून खाली बसतात, आणि पंप नेमका तळाचंच इंधन ओढतो. आपल्याकडे झडी आठवडाभर हटत नाही; अशा दिवसांत अर्धी रिकामी टाकी ओल धरते. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. म्हणून जुन्या गाडीत आधी फिल्टर बदलावा. तो बाहेर असेल तर त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. बऱ्याच नव्या गाड्यांत तो टाकीतच, पंपासोबत असतो.

मग हवेची वाट. धान निघाल्यावर तुमसरकडच्या राइस मिलजवळून गेलं की तूस आणि धूळ एअर फिल्टरवर बसते. थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर क्लीनर लावलेल्या मऊ कापडाने पुसावा. झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर ती बोटाने ढकलू नये. सफाईनंतर आयडलिंग थोडं वरखाली होतं. गाडीचा कॉम्प्युटर नवी स्थिती शिकला की ते बसतं.

एवढं करूनही इंजिन मिसिंग मारत असेल तरच इंजेक्टरकडे वळायचं. इंजिन बंद झाल्यावर इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेलं पेट्रोल उष्णतेने उडतं आणि मागे चिकट थर उरतो. भर उन्हाळ्यात बाजारापुरतीच फिरणारी गाडी असा थर लवकर धरते. पॉलिइथरअमाइन असलेलं क्लीनर भरलेल्या टाकीत टाकून गाडी महामार्गावर साकोलीपर्यंत न्यावी; हलका थर त्यानेच सुटतो.

इंजेक्टर काढायचाच झाला तर उघड्यावर, आगीपासून दूर, अग्निशामक जवळ ठेवून. पाइपात साधारण ३ ते ४ बार दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. बसवताना ओ-रिंग नवी घ्यायची, तिला इंजिन ऑइलचा थेंब लावायचा.

इंजेक्टर असो की कार्बोरेटर, छिद्रात तार मात्र कधीच घालू नये. जुन्या मारुती ८०० च्या कार्बोरेटरमधले जेट पितळेचे. पितळ किती मऊ असतं, हे पितळनगरी भंडाऱ्यात वेगळं सांगायला नको. तारेने छिद्र किंचित मोठं झालं की पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा असतो.

हात कुठे थांबवायचा, हेही याच कारागिरीत येतं. डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी खालचा स्क्रू सैल करून ट्रॅक्टरवाला शेतकरीही काढतो. पण कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडीत घुसते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनातही दाब खूप असतो. ही कामं जाणत्या मेकॅनिकचीच. आणि खराब पेट्रोल नालीत किंवा बांधावर ओतू नये. ते बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावं.

प्रत्येक वेळी काय निघालं, ते मी वहीत लिहितो: गंज, पाणी, तूस, चिकटा. त्या नोंदी पाहूनच पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची आणि अधूनमधून गाडी लांब न्यायची सवय मला लागली. पैसे वाचतात, त्याचं समाधान आहेच. पण सफाईची गरजच कमी होत जाणं, ही या कामाची खरी कमाई.